आधी दशांश

३ एप्रिल

चि. चिमणीस,

आशीर्वाद. सावलीतले पाठवतो आहे, उन्हातले इथे फार तापले आहेत.

फोनवर आकड्याखेरीज अवाक्षर बोलायचं नाही, या तुमच्या साहेबांच्या हुकुमाला आज वर्ष झालं. रोज बारा वाजता मी अंश सांगतो, दशांश सांगतो, तू "ठीक" म्हणतेस आणि फोन ठेवतेस. सगळं ध्वनिमुद्रित होतं म्हणे. होऊ दे. वेधशाळांच्या इतिहासात एका भाचीने मामाला "जेवलात का" विचारलं, हा डाग तरी आता लागणार नाही. म्हणून हे पत्र पंधरवड्याच्या तक्त्यांच्या लिफाफ्यात घालतो. लिफाफा तूच उघडतेस, आणि तक्ते तुझ्याशिवाय कोणी वाचत नाही हे मला एकतीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे.

इथलं सगळं झकास. वर्तमानपत्रात जग रीतसर बुडतं आहे, रोज पान एकवर. तुझ्या मामीने वर्तमानपत्र बंद करून त्याऐवजी दूध वाढवलं. तिचं म्हणणं, बातमी नासली तर तिचं काहीच करता येत नाही.

आता कामाचं. वेधशाळेसमोर नवा रस्ता चालू आहे. एक जूनला उद्घाटन, त्यामुळे सगळ्यांच्या अंगात वारं शिरलंय. रोलर चालवणारे काका साठीच्या पुढचे आहेत, आणि आयुष्यभर त्या धडधडीवर बसून दोन्ही कानांनी ठार बहिरे झालेत. रोज बाराला ते फाटकापाशी येतात आणि हात उताणा करून विचारतात, किती? मी बोटांनी सांगतो. चाळीस भरले की ते रोलर बंद करतात आणि चारपर्यंत झाडाखाली पडतात. नियमच आहे, बाराला चाळीस किंवा वर असेल तर चारपर्यंत उघड्यावरची कामं बंद.

परवा मी चार बोटं, मूठ आणि दोन बोटं दाखवली. चाळीस अंश दोन. काकांनी रोलर बंद केला. अर्ध्या तासाने मुकादम धावत आला, नगरभवनाच्या फळ्यावर एकोणचाळीस आठ लागलंय म्हणाला आणि भर रस्त्यात काकांना झापलं. काकांना ऐकू आलं नाही हे त्यांचं भाग्य. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिमणे, एकतीस वर्षांत मला कोणी तसं पाहिलं नव्हतं.

फळ्यावर तोच आकडा लागतो जो तुमच्या कार्यालयातून जातो. म्हणजे दोनच शक्यता. माझे डोळे गेले, नाहीतर माझं थर्मामीटर. प्रत्येक उपकरणाला दुरुस्तीचा कागद असतो, इतके दशांश वजा करा किंवा मिळवा म्हणून. माझ्याकडचा उंदरांनी खाल्ला. तुझ्याकडची प्रत बघून कळव.

तुझा,
मामा

ता. क. मामी विचारते, जेवतेस का? हे ध्वनिमुद्रित होत नाहीये, खरं सांग.

---

८ एप्रिल

ती. मामा,

नमस्कार. फोनवर करता येत नाही तो इथे दोनदा करते.

जेवते. डबा नेते, आणि तो साहेबांच्या भाषणात गार होतो. आमच्या साहेबांना सगळे सरासरीसाहेब म्हणतात, हे तुम्हाला सांगितलंय ना? त्यांना कुठलीच गोष्ट टोकाची आवडत नाही. परवा शिपायाला ताप आला, तर म्हणाले, "आठवड्याची सरासरी काढ, नॉर्मलच येईल."

तुमचे डोळे ठणठणीत आहेत. मी कपाटातले कागद काढून पाहिले. तुमचं थर्मामीटर थोडं चढं दाखवतं. वजा पाच दशांशाची दुरुस्ती आहे, सोबत उतारा माझ्या हाताने करून पाठवते आहे. इथे आम्ही ती कमी-जास्त करून घेतच होतो, म्हणून फळ्यावर वेगळं दिसलं. आता तुम्हीच वजा करून सांगत जा, म्हणजे गोंधळ नको.

मामा, दोन महिन्यांत तुम्ही निवृत्त होऊन सुटलात. एवढ्या-तेवढ्या दशांशाचा घोर लावून घेऊ नका. अख्ख्या जगाचा पारा चढलाय, तिथे आपल्या काचेच्या नळीने काय फरक पडतो.

तुमची,
चिमणी

---

१८ एप्रिल

चि. चिमणीस,

आशीर्वाद, पाच दशांश वजा करून.

तुझं पत्र वाचून मी अर्धा तास कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. तेच स्टूल, ज्यावर उभी राहून तू चौथीत असताना पारा वाचायला शिकलीस. माझं शहाणपण बघ. दुनियेला तोलूनमापून खरं सांगायचं म्हणून छाती काढून फिरत होतो, आणि खिशात चढं थर्मामीटर! उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी असतो.

मग मी हिशोब मांडायला बसलो, गेल्या किती उन्हाळ्यांत मी लोकांची कामं फुकट थांबवली. मामीने वही ओढून घेतली. म्हणाली, "थांबवलीत तर थांबवलीत. सावलीत बसून कोणी मेल्याचं ऐकलंय का?" बाई हवामानशास्त्र शिकलेली नाही.

तुझं मात्र एक वाक्य मला टोचलं. एवढ्या-तेवढ्या दशांशाने काय होतं, हे तू लिहावंस? तुला काय शिकवलं होतं? पारा वाचताना श्वास रोखायचा, कारण आपल्या उच्छ्वासानेही तो चढतो. डोळा पाऱ्याच्या पातळीत. आणि आधी दशांश वाचायचा, मग अंश. अंश कुठे पळून जात नाही. आपण पुढे वाकलो की हलतो तो दशांश. जग सुधारायची जबाबदारी सरकारने मला दिलेली नाही, एक नळी दिली आहे. ती तरी नीट वाचू दे.

काकांना सगळं कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं, हसले आणि आभाळाकडे बोट करून म्हणाले, "म्हणजे हा इतके दिवस वाढवून दाखवत होता तर." बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, अख्ख्या रस्त्याला ऐकू गेलं. आता माझी बोटं आणि फळा रोज जुळतात. मुकादम मला नमस्कार करायला लागलाय. माझं काहीतरी चुकतंय अशी शंका येते ती तेवढ्यापुरतीच.

तुझा,
मामा

---

२२ एप्रिल

ती. मामा,

नमस्कार. घाईत आहे, वार्षिक अहवालाचं काम चालू आहे. यंदाचं मुखपृष्ठ हिरवं आहे. आत सगळं लाल असल्यामुळे बाहेरून हिरवं हवं, असं साहेब म्हणाले.

एक सुचवते. तुमची रजा किती शिल्लक आहे? मे महिना घेऊन टाका ना. मामीला घेऊन कुठेतरी थंड ठिकाणी जा. वेध घ्यायला मी इथून कोणालातरी पाठवते. खरंच जा. शेवटचा महिना कोणी काम करत नाही.

आणि ते वजाबाकीचं, त्याचा फार विचार करू नका. मी आहे ना.

तुमची,
चिमणी

---

४ मे

प्रति,
आकडे विभाग.

विषय: थर्मामीटरची दुरुस्ती.

महोदया,

१. दिनांक २ मे रोजी दुपारी बारा वाजता या वेधशाळेतील पारा चाळीस अंश चार होता. आपल्या कागदानुसार पाच दशांश वजा केले. एकोणचाळीस नऊ फोनवर सांगितले. आपण "ठीक" म्हणालात.

२. रोलरचालक काका फाटकाशी आले. निम्नस्वाक्षरीकाराने तीन बोटे, मग नऊ, मग पुन्हा नऊ दाखवली. काका मोठ्याने म्हणाले, "अंगाला तर चाळीसच्या वर वाटतंय. पण मामा म्हणतात म्हणजे नसणार." आणि रोलरवर जाऊन बसले.

३. अडीच वाजता रोलर सरळ जायचा तो वळला आणि आमच्या कुंपणाला येऊन टेकला. काका चाकाच्या मागे मान टाकून होते. अंग हात लावू देत नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर "अशक्तपणा" लिहिलं आहे. जीव वाचला. डावी बाजू गेली.

४. काल सकाळी बर्फ आणला. कुटून थर्मासमध्ये भरला, पाणी निथळलं, नळी आत उभी केली, वीस मिनिटं थांबलो. वितळत्या बर्फात पारा शून्यावर असायला हवा. शून्यावर होता. आधी दशांश वाचला, तोही शून्य होता. तीनदा केलं. मग वरच्या टोकाची खात्री म्हणून विद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या नळीशेजारी कोमट पाण्यात धरलं. दोन्ही एकसारख्या.

५. मग आपला उतारा पुन्हा पाहिला. त्यावर उपकरणाचा क्रमांकच नाही. क्रमांक नसलेला कागद मी आजवर कोणाकडूनही घेतलेला नाही. हा घेतला, कारण अक्षर ओळखीचं होतं.

खुलासा व्हावा.

निरीक्षक

---

९ मे

ती. मामा,

नमस्कार लिहायचा हक्क आहे की नाही, माहीत नाही. लिहिते.

दुरुस्तीचा कागद असा नव्हताच. तुमच्या उपकरणाच्या कागदावर शून्य लिहिलंय. मी तो पाहिला, परत ठेवला, आणि कोरा कागद घेतला.

आकडे मी मार्चपासून उतरवत होते. अकरा दिवस. साहेबांनी "खोटं लिही" असं कधीच सांगितलं नाही, तसं सांगायला हिंमत लागते. ते माझ्या टेबलाशी उभे राहून सुस्कारा टाकायचे. "चाळीस हा फार भडक आकडा आहे हो. लोक घाबरतात. लोकांना घाबरवणं आपलं काम आहे का?" मग गेल्या वर्षी खऱ्या आकड्याचा हट्ट धरणाऱ्या दुसऱ्या एका निरीक्षकाची गोष्ट सांगायचे. त्याची वेधशाळा दुरुस्तीसाठी बंद झाली, आणि तो हल्ली भांडारात पर्जन्यमापकाच्या बरण्या मोजतो. "यादीत पुढचं ठिकाण तुमच्या नात्यातलं आहे ना?" एवढंच विचारायचे, तेही फार मायेने.

मला वाटलं, तुमचे तीनच महिने राहिलेत, सुखाने जाऊ देत. मग तुम्ही दुरुस्तीचा कागद मागितलात. शून्याचा खरा कागद पाठवला असता तर सगळं उघडं पडलं असतं, म्हणून तुमच्याच हातात कात्री दिली. तुम्हाला सांभाळते आहे असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी माझी खुर्ची सांभाळत होते आणि तुम्ही आयते पांघरुणाला मिळालात. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, तसं. तुम्ही तर या कुंपणाला लहानपणापासून पाणी घातलं होतं.

काकांचं वाचल्यापासून मी फोन उचलते तेव्हा तुमचा आवाज पूर्वीसारखाच येतो. अंश, दशांश. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

मला माफ कराल का?

चिमणी

---

१५ मे

बाळा,

मी मामी. तुझे मामा पत्र लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. अक्षर लागेल तसं वाच.

ते बोलत नाहीत. बाराला वेध घेतात, फोन करतात, चारला दवाखान्यात काकांपाशी बसतात. एक बोलत नाही आणि एकाला ऐकू येत नाही, दोघांचं छान जमलंय. काकांची मुलगी म्हणाली, "बाबा मामांवर रागावलेच नाहीत हो, ऊन जास्त होतं एवढंच म्हणतात." हे ऐकून तुझे मामा उठून बाहेर गेले. बाहेर जिन्यात जाऊन रडले. मला म्हणाले, धूळ गेली. त्या जिन्यात धूळ नव्हती, मी पाहिलं.

तुझ्यावर मी चिडले आहे. खोटं सांगायचं नाही असं ठरलंय ना या घरात आता, म्हणून सांगते. पण तू भिऊन केलंस आणि त्यांनी तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि पडला कोण, तर ज्याने दोघांचं काही घेतलं नव्हतं तो. तेव्हा आमची माफी मागत बसू नकोस. आमच्या माफीने काकांचा हात हलणार आहे का?

ढग आलेत. सदतीस, अडतीस चाललंय. तुझ्या साहेबांची सरासरी खूश असेल. पण पुन्हा तापेल, तेव्हा तू काय लिहितेस ते बघते. मला फळा वाचता येतो.

नीट जेव.

मामी

---

२१ मे

ती. मामी आणि मामा,

नमस्कार.

ढगांनी मला दहा दिवसांची पळवाट दिली आणि मी ती आनंदाने वापरली. रोज सकाळी आभाळाकडे बघून म्हणायची, आजही तापू नकोस. परवा एकोणीस तारखेला आभाळ कोरं होतं. बाराला फोन वाजला तेव्हा साहेब माझ्या मागेच उभे होते, सुस्काऱ्याच्या तयारीत.

मामा म्हणाले, "चाळीस अंश सात."

आमच्या नियमावलीत एक जुनं कलम आहे. आकडा घेणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणून दाखवायचा. हे कोणी करत नाही, मीही वर्षभर "ठीक" म्हणत आले. कारण निरीक्षकाचा आकडा नीट ऐकू आला नाही म्हणता येतं; आपल्याच आवाजात परत म्हटलेला ध्वनिमुद्रित झाला की मग तो बदलता येत नाही. मी म्हणाले, "सात. चाळीस अंश सात. नोंदवले." मग तुम्ही "ठीक" म्हणालात. मामा, वर्षभर ते मी म्हणत होते.

फळ्यावर चाळीस सात लागलं. साहेब म्हणाले, "घाई केलीत." ते ओरडले असते तर मला आवडलं असतं. ते नुसते कीव आल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले, जणू मीच उन्हात उभी होते.

दुपारी मी अकरा दिवसांचं शुद्धिपत्र लिहून दिलं. कोणत्या दिवशी मामांनी खरं सांगितलं आणि मी खोटं लिहिलं. कोणत्या दिवशी मामांच्या आवाजातच चुकीचं आहे आणि तेही माझ्या कागदामुळे. दोन मे त्यात आहे, चाळीस अंश चार. साहेबांनी ते वाचलं, घडी केली आणि खणात ठेवून किल्ली फिरवली. एक प्रत या लिफाफ्यात आहे. काकांच्या मुलीला द्या. तिला जिथे दाखवायची असेल तिथे दाखवू दे, माझी सही आहे.

काल हुकूम आला. कार्यालयाने माझ्या निष्ठेची कदर केली आहे, आणि मला क्षेत्रीय कामाचा अनुभव मिळावा म्हणून एक जूनपासून निरीक्षक म्हणून पाठवण्यात येत आहे. ज्या ठिकाणी जायला कोणी तयार होत नाही अशा ठिकाणी. पत्ता वाचून मी पहिल्यांदा हसले, मग रडले. मामा, ती तुमची खुर्ची आहे.

मामी, तुम्ही म्हणालात तसं माफी मागत नाही. फक्त विचारते, येऊ का?

चिमणी

---

२८ मे

चि. चिमणीस,

आशीर्वाद. जसे आहेत तसे, काही वजा न करता.

"येऊ का" काय विचारतेस? सरकारी हुकूम आहे, यावंच लागेल. तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग. माणसाला शिक्षा कशी करावी हे त्यांना बिलकुल कळत नाही. मामीने तुझी जुनी खोली झाडली आहे. ती अजून चिडलेली आहे, म्हणून दोनदा झाडली.

कामाच्या सूचना देऊन ठेवतो. थर्मामीटरच्या पेटीचं दार उत्तरेकडे उघडतं, बिजागरी जरा उचलून धरावी लागते. पांढरा रंग उडाला आहे, खात्याकडे चार वर्षं मागतो आहे, तू पाचव्या वर्षी माग. स्टूल वापरू नकोस, आता तुझा डोळा बरोबर पातळीत येईल. श्वास रोखायचा. आधी दशांश.

शुद्धिपत्र मी काकांच्या मुलीच्या हातात दिलं. तिने दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी जुना कागद मागवून "अशक्तपणा" खोडला, खाली "उष्माघात" लिहिलं, सही केली, तारीख टाकली. दोघींच्या सह्या झाल्या आता त्या एका दिवसावर. त्याने पुढे काय होईल मला ठाऊक नाही. जग आहे तसंच आहे, मामीने परत वर्तमानपत्र सुरू केलं तर तुला कळेलच. रस्त्याचं उद्घाटन एक तारखेला नाही, आठवडाभर पुढे गेलंय. एकोणीस तारखेपासून सहा दुपारी काम बंद होतं ना. फळ्यावर रोज खरा आकडा लागला. मुकादमाने नमस्कार बंद केला, त्यावरून मी समजलो की माझं ठीक चाललंय.

तू माफीचं विचारलं होतंस, नऊ तारखेला. तुझ्यावरचा राग मोजून पाहिला. आहे, पण रोज उतरतो आहे. माझ्या स्वतःवरचा उतरत नाही. त्या दिवशी तीन, नऊ आणि नऊ दाखवणारी बोटं माझी होती, तुझी नव्हती. काका अंगाला काय वाटतंय ते सांगत होते, आणि मी कागदावर विश्वास ठेवला.

काका घरी आले आहेत. त्यांची मुलगी रोज पावणेबाराला त्यांना खुर्चीत बसवून फाटकापाशी आणून सोडते. त्यांनीच हट्ट धरला. रोलरवर आता नवा माणूस आहे. तो फळ्याकडे बघत नाही आणि मुकादमाकडेही बघत नाही, काकांकडे बघतो. काका उजवा हात उताणा करून मला विचारतात, मी बोटांनी सांगतो, चाळीस असलं की ते तोंडात दोन बोटं घालून शीळ घालतात. स्वतःची शीळ त्यांना ऐकू येत नाही, पण रोलर थांबलेला दिसतो.

एक तारखेला बाराला मी पेटीपाशी नसेन. तू एकटी वाचशील. मग फाटकाशी जाशील. तू कोण हे त्यांना मी सांगितलंय, सगळं, कागदावर लिहून. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि खिशात ठेवला.

बोटं घाईने दाखवू नकोस. ते सावकाश वाचतात. माफी मिळते का ते तिथे विचार.

तुझा,
मामा